आईचा रंग, वडिलांचा रंग

अमेरिकेतील मेरीलँड राज्यात, चेसापीक उपसागराच्या पूर्व काठावर, ॲरन अँथनी नावाचा एक मुकादम राहत असे. मोठ्या जमीनदाराच्या मळ्यांची देखरेख करणे हा त्याचा व्यवसाय आणि हिशेबाच्या बाबतीत माणूस मोठा काटेकोर. स्वतःच्या मालकीच्या गुलामांना कधी कोणते मूल झाले, याची त्याने एका वहीत नोंद ठेवली होती. गुलामाचे मूल म्हणजे मालकाच्या मालमत्तेत पडलेली भर. तेव्हा वासरा-शिंगरांची ठेवावी तशीच ही नोंद. त्या वहीत १८१८ सालच्या फेब्रुवारी महिन्यात हॅरिएट हिला फ्रेडरिक ऑगस्टस हा मुलगा झाला, असे नमूद आहे. मुलाच्या बापाचे नाव वहीत नाही. ते लिहिण्याची गरजच नव्हती. गुलाम स्त्रीच्या मुलाला कायद्याच्या दृष्टीने बाप नसे; त्याला मालक असे.

हाच मुलगा पुढे फ्रेडरिक डग्लस या नावाने जगाला माहीत झाला. वक्ता, लेखक, संपादक, गुलामगिरीविरोधी चळवळीचा अग्रणी आणि उतारवयात अमेरिकेचा हैती देशातील राजनैतिक प्रतिनिधी, एवढी वाटचाल त्याने एका आयुष्यात केली. एकोणिसाव्या शतकात सर्वांत जास्त छायाचित्रे निघालेला अमेरिकन माणूस म्हणजे डग्लस, असे अभ्यासक सांगतात. त्यांची सुमारे १६० छायाचित्रे आज उपलब्ध आहेत. पांढऱ्या केसांचा भरदार संभार, रुंद कपाळ, रोखून पाहणारे डोळे आणि ओठांवर हसू जवळजवळ कधीच नाही. खुशालचेंडू, दात विचकून हसणारा काळा नोकर हे चित्र गोऱ्या समाजाने लाडाने जपले होते. त्या चित्रात आपला चेहरा बसू द्यायचा नाही, हे डग्लस यांनी ठरवूनच टाकले होते.

त्या चेहऱ्यात दोन वंश एकत्र आले होते. आई काळी होती, बाप गोरा होता. निम्मे रक्त मालकांचे आणि निम्मे गुलामांचे घेऊन जन्मलेल्या या माणसाने दोन्ही बाजूंना अवघड वाटतील असे प्रश्न आयुष्यभर विचारले. त्यांची उत्तरे आजही अमेरिकेला पुरती देता आलेली नाहीत. म्हणूनच या आयुष्याकडे पुन्हा एकदा पाहायचे.

रात्री येणारी आई

फ्रेडरिक वाढला तो आजीच्या झोपडीत. बेट्सी बेली ही आजी मासे पकडायची जाळी विणण्यात आणि रताळ्यांची लागवड करण्यात पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. आई हॅरिएट हिला मालकाने बारा मैलांवरच्या एका शेतावर कामाला लावले होते. दिवसभर शेतात राबायचे, रात्री बारा मैल चालत यायचे, मुलाला कुशीत घेऊन झोपवायचे आणि तो जागा होण्याआधी परत निघायचे; कारण सूर्योदयाला कामावर हजर नसले तर पाठीवर चाबूक ठरलेला. अशा भेटी चार-पाचच झाल्या असतील. आईचा चेहरा त्याने उजेडात क्वचितच पाहिला.

सहा वर्षांचा झाल्यावर आजीने नातवाला हाताशी धरून कर्नल लॉईडच्या मोठ्या मळ्यावर नेले. तिथे इतर मुलांबरोबर त्याला खेळायला लावले आणि ती मागच्या मागे निघून गेली. तिलाही हुकूमच होता. आपण फसवले गेलो हे कळल्यावर तो मुलगा जमिनीवर पडून रडला. या मळ्यावर मुलांना मक्याची पेज लाकडी डोणीत ओतून देत आणि ती शिंपल्यांनी किंवा हाताने भराभर ओरपावी लागे. अंगात वर्षभर एक जाडाभरडा सदरा, थंडीत पांघरायला मक्याचे रिकामे पोते. एकदा स्वयंपाकघरावर हुकूमत चालवणाऱ्या बाईने त्याला दिवसभर उपाशी ठेवले. नेमकी त्याच रात्री आई आली. तिने त्या बाईला खडसावले आणि मुलाला आल्याचा एक गोड केक दिला. तो बदामाच्या आकाराचा होता. पुढे आई गेली, तेव्हा तो सात-आठ वर्षांचा होता. शेवटच्या दिवसांत त्याला तिच्याजवळ जाऊ दिले नाही. जन्मतारीख माहीत नसलेल्या डग्लस यांनी पुढे १४ फेब्रुवारी हा वाढदिवस मानला, तो आई त्याला लाडाने व्हॅलेंटाइन म्हणत असे या आठवणीवरून.

आणि बाप? बाप गोरा आहे एवढे सर्वांना ठाऊक होते. तो मालकच असल्याची कुजबूज झोपड्यांतून चाले. डग्लस यांनी स्वतःचे आयुष्य तीन वेळा लिहिले. पहिल्या पुस्तकात ही कुजबूज आहे, दुसऱ्यात तिचा जोर कमी झाला आहे आणि तिसऱ्यात बापाविषयी आपल्याला काहीच माहीत नसल्याचे सांगून त्यांनी तो विषय मिटवला आहे. प्रश्न मात्र त्यांच्या मनातून कधी गेला नाही.

अशी मुले थोडीथोडकी नव्हती. १८५० सालच्या अमेरिकन जनगणनेत पहिल्यांदाच मिश्रवंशीयांसाठी ‘मुलाटो’ हा वेगळा वर्ग केला गेला आणि त्यात चार लाखांवर माणसे नोंदली गेली. त्यांतील बहुसंख्य गुलाम राज्यांत राहत होती. कायदा असा, की मुलाचा दर्जा आईवरून ठरायचा. युरोपात वंश बापाच्या नावाने चाले. पण इथे मुद्दाम उलटा नियम केलेला. त्यामुळे मालकाची वासना आणि मालकाचा नफा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधत. डग्लस यांनी आणखी एक निरीक्षण नोंदवले आहे. मालकापासून झालेल्या गुलाम मुलांचे हाल इतरांपेक्षा अधिक होत. घरच्या मालकिणीला ती डोळ्यांसमोर नको असत. नवऱ्याच्या वागणुकीचा तो चालताबोलता पुरावा! तिचे समाधान करण्यासाठी मालक पुष्कळदा स्वतःच्याच मुलांना विकून टाकी. बाप मुलाला विकतो आहे आणि भाऊ भावाच्या पाठीवर चाबूक ओढतो आहे, असा तो संसार होता.

अक्षरांची चोरी

आठ वर्षांच्या फ्रेडरिकला १८२६ मध्ये बाल्टिमोर शहरात ह्यू ऑल्ड यांच्या घरी पाठवण्यात आले. काम सोपे होते. त्यांच्या लहान मुलाला सांभाळायचे. मालकीण सोफिया हिने आजवर गुलाम ठेवला नव्हता. गुलामाशी कसे वागायचे असते याचे शिक्षण न मिळाल्यामुळे ती त्याच्याशी माणसासारखी वागली आणि त्याला मुळाक्षरे शिकवू लागली. नवऱ्याला हे कळताच त्याने ते बंद केले. वाचायला शिकलेला गुलाम गुलामीच्या कामाचा राहत नाही, असे त्याने बायकोला बजावले. दारापाशी उभ्या असलेल्या मुलाने ते ऐकले आणि मुक्तीचा रस्ता कुठून जातो हे त्याला त्या क्षणी कळले. मालकानेच नकळत वाट दाखवली होती.

मग अक्षरांची चोरी सुरू झाली. खिशात पावाचे तुकडे घेऊन तो गल्लीतल्या गरीब गोऱ्या पोरांना गाठी. त्या भुकेल्या पोरांना पाव मिळे आणि याला अक्षरे मिळत. जहाज बांधण्याच्या आवारात सुतार फळ्यांवर खुणेची अक्षरे काढत, ती पाहून तो लिहायला शिकला. बारा-तेरा वर्षांचा असताना साठवलेल्या पन्नास सेंटमधून त्याने भाषणांचे आणि संवादांचे एक पुस्तक विकत घेतले आणि ते पाठ होईपर्यंत वाचले. सोफियाचे मात्र उलट झाले. हातात सत्ता आल्यावर तिचा मूळचा कोमल स्वभाव कठोर होत गेला आणि फ्रेडरिकच्या हाती वर्तमानपत्र दिसले तरी ती धावून जाऊ लागली. गुलामगिरी गुलामाइतकीच मालकालाही बिघडवते, हा धडा त्याला या बाईंच्या रूपाने मिळाला.

वाचू लागलेला गुलाम खरोखरच कामाचा राहिला नाही. सोळाव्या वर्षी, १८३४ मध्ये, मालकी बदलत बदलत थॉमस ऑल्ड याच्याकडे आलेल्या फ्रेडरिकला एडवर्ड कोव्ही नावाच्या शेतकऱ्याकडे वर्षभरासाठी धाडण्यात आले. अडेल गुलामांचा कणा मोडून त्यांना सरळ करण्याबद्दल त्याची ख्याती होती. सहा महिने जवळजवळ दर आठवड्याला मार बसला. ऑगस्टमध्ये एके दिवशी कोव्हीने त्याला बांधायला घेतले, तेव्हा या पोराने त्याचा गळा धरला. सुमारे दोन तास झुंज चालली आणि कोव्हीच आधी थकला. त्यानंतर त्याने कधी हात उगारला नाही. आपण कायद्याने गुलाम असू, पण मनाने आता नाही, असे फ्रेडरिकला त्या दिवशी वाटले.

१८३६ मध्ये पळण्याचा एक बेत फसला आणि तुरुंग पाहावा लागला. पुन्हा बाल्टिमोरला रवानगी झाली. तिथे जहाजांच्या फळ्यांमधल्या फटी बुजवण्याचे काम तो शिकला. एकदा चार गोऱ्या उमेदवार कामगारांनी त्याला घेरून इतके मारले, की डोळा जातो की काय असे झाले. खटला उभा राहिला नाही. काळ्याची साक्ष गोऱ्याविरुद्ध चालत नसे आणि पाहणारा एकही गोरा साक्ष द्यायला तयार झाला नाही. पुढे तो कुशल कारागीर झाला. पण शनिवारी मिळालेली मजुरी मालकाच्या हाती ठेवावी लागे. सहा डॉलर मोजून घेतल्यावर मालक कधीमधी खूश होऊन सहा सेंट परत देई. त्या सहा सेंटांनी समाधान होण्याऐवजी चीड वाढे. कारण संपूर्ण रकमेवर आपलाच हक्क असल्याची ती कबुली होती, असे त्याला वाटे.

नाव बदलले, रंग तोच

३ सप्टेंबर १८३८. खलाशाचा पोशाख घालून आणि एका मित्राचा खलाशी परवाना खिशात ठेवून फ्रेडरिक आगगाडीत चढला. परवान्यावरचे वर्णन त्याच्याशी जुळत नव्हते; गाडीच्या कंडक्टरने नीट वाचले असते तर सगळेच संपले असते. त्याने वरवर पाहून कागद परत दिला. आगगाडी, होडी, आगबोट आणि पुन्हा आगगाडी असा प्रवास करून चोवीस तासांच्या आत तो न्यूयॉर्कला पोहोचला. या धाडसामागे ॲना मरे या स्वतंत्र काळ्या तरुणीचा आधार होता. धुणीभांडी करून साठवलेले तिचे पैसे या प्रवासाला लागले. मागोमाग ती न्यूयॉर्कला आली. १५ सप्टेंबरला दोघांचे लग्न झाले आणि मॅसॅच्युसेट्समधील न्यू बेडफर्ड या बंदरात त्यांनी बिऱ्हाड थाटले. पकडले जाऊ नये म्हणून आडनाव बदलणे भाग होते. आश्रय देणारे यजमान त्या वेळी सर वॉल्टर स्कॉट यांचे एक काव्य वाचत होते. त्यातील नायकाचे नाव त्यांनी सुचवले आणि फ्रेडरिक बेलीचा फ्रेडरिक डग्लस झाला.

उत्तरेत गुलामगिरी नव्हती. वर्णभेद मात्र भरपूर होता. बंदरावर डग्लस यांना त्यांच्या हातातल्या कसबाचे काम मिळेना, कारण काळा माणूस शेजारी उभा राहिला तर गोरे कारागीर काम टाकून जातील अशी धमकी होती. मग कोळसा भरणे, लाकडे फोडणे, ओझी वाहणे असे पडेल ते काम त्यांनी केले. चर्चमध्ये काळ्यांना वेगळे बसवत. आगगाडीत काळ्यांचा डबा निराळा असे. १८४१ मध्ये डग्लस तिकीट काढून गोऱ्यांच्या डब्यात बसले आणि उठेनात. अखेर माणसे बोलावून त्यांना ओढून काढले. त्यांनी धरून ठेवलेली बाकेही त्या ओढाताणीत उखडली गेली.

त्याच वर्षी नँटकेट बेटावरील सभेत त्यांनी पहिले मोठे भाषण केले आणि विल्यम लॉईड गॅरिसन यांच्या गुलामगिरीविरोधी चळवळीला एक नवा आवाज मिळाला. भाषणे इतकी बांधेसूद होत, की हा माणूस कधी गुलाम असेल यावर लोकांचा विश्वास बसेना. चळवळीतील काही गोरे सहकारी त्यांना सांगत, की तुम्ही फक्त हकीकत सांगा, तत्त्वज्ञान आम्ही सांगू. हे डग्लस यांना खटकले. शंका घेणाऱ्यांना उत्तर म्हणून १८४५ मध्ये त्यांनी आत्मचरित्र छापले आणि त्यात मालकांची, मळ्यांची खरी नावे दिली. पुस्तक हातोहात खपले. पण त्यामुळे पळून आलेला गुलाम कुठे आहे, हेही मालकाला समजले. डग्लस यांना देश सोडून आयर्लंड-इंग्लंडला जावे लागले. जहाजावर त्यांना वरच्या वर्गाची केबिन नाकारण्यात आली; तिकडे उतरल्यावर मात्र उपाहारगृहात, गाडीत, सभागृहात कोणी अडवले नाही. दीडेक वर्ष ते तिथे भाषणे देत फिरले. तिथल्या मित्रांनी वर्गणी जमवून १८४६ मध्ये १५० पौंडांना त्यांचे स्वातंत्र्य विकत घेतले. अमेरिकेच्या कायद्याने एका माणसाला स्वतःचा मालक करण्यासाठी पावती लागली!

या काळात डग्लस यांच्या बुद्धीचे श्रेय त्यांच्यातील गोऱ्या रक्ताला देणारे पुष्कळ होते. काळा माणूस एवढा हुशार असूच शकत नाही, तेव्हा ही बापाचीच देणगी, असा त्यांचा सोपा हिशेब. डग्लस यांनी १८५५ च्या दुसऱ्या आत्मचरित्रात याला दिलेले उत्तर वाचण्यासारखे आहे. आई गेल्यानंतर त्यांना कळले होते, की तिला वाचता येत असे. त्या भागातील गुलामांमध्ये ही गोष्ट अपूर्वच होती. आपल्या अक्षरप्रेमाचे श्रेय अज्ञात बापाला नव्हे, तर त्या काळ्या आईला आहे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. आईचे चित्र त्यांच्याजवळ नव्हते. मानववंशशास्त्रावरील एका ग्रंथात प्राचीन इजिप्तच्या राजाचे चित्र होते. त्यात त्यांना आईचा चेहरा दिसे आणि ते त्या पानाकडे पुन्हा पुन्हा वळत. माणसांच्या जाती मुळातच वेगवेगळ्या निर्माण झाल्या आणि काळी जात कायमची हीन आहे, असे त्या काळचे नामांकित शास्त्रज्ञ कवट्या मोजून सांगत होते. १८५४ मध्ये ओहायोतील एका महाविद्यालयात डग्लस यांनी या मताची जाहीर चिरफाड केली.

मुलीची शाळा

१८४७ च्या अखेरीस डग्लस यांनी न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे स्वतःचे वृत्तपत्र काढले. ज्या ध्रुवताऱ्याकडे पाहत गुलाम उत्तरेला पळत, त्याचे नाव त्याला दिले. घर पळालेल्या गुलामांना कॅनडाकडे धाडण्याचे ठिकाण बनले. रात्री-अपरात्री येणाऱ्यांना जेवूखाऊ घालणे, लपवणे, पुढे पाठवणे हे सारे ॲनाबाईंनी केले.

मोठी मुलगी रोझेटा नऊ वर्षांची झाली तेव्हा तिला मुलींच्या एका खासगी शाळेत घातले. फी पूर्ण घेतली गेली. पण मुलीला वेगळ्या खोलीत एकटीला बसवत. डग्लस जाब विचारायला गेले. बाईंनी वर्गातील मुलींनाच विचारले, की रोझेटा तुमच्यात बसली तर चालेल का? मुलींनी हात वर केले. माझ्या शेजारी बसू द्या म्हणून चढाओढ लागली. मग पालकांना विचारण्यात आले. एका पालकाने नकार दिला आणि तेवढ्यावर रोझेटाला शाळा सोडावी लागली. डग्लस गप्प बसले नाहीत. त्यांनी त्या गृहस्थांना उद्देशून आपल्या वृत्तपत्रात पत्र छापले आणि शहराच्या सार्वजनिक शाळांतील वेगळेपणाविरुद्ध मोहीम उघडली. १८५७ मध्ये रॉचेस्टरच्या शाळांतील ही भिंत पडली. रंगाचा द्वेष मूल जन्माला येताना घेऊन येत नाही, तो घरची मोठी माणसे त्याच्या हाती देतात, हे या प्रसंगाइतके सोप्या रीतीने क्वचितच सिद्ध झाले असेल.

१८४८ मध्ये सेनेका फॉल्स येथे स्त्रियांच्या हक्कांची परिषद भरली. स्त्रियांना मताधिकार हवा, हा ठराव परिषदेतल्या अनेकांना फाजील वाटत होता. तिथे हजर असलेल्या या एकमेव काळ्या माणसाने ठरावाची बाजू घेतली आणि तो संमत झाला.

युद्ध, मुक्ती आणि निराशा

१८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले. काळ्यांना सैन्यात घ्या, असा डग्लस यांचा पहिल्या दिवसापासून आग्रह होता. परवानगी मिळताच त्यांनी गावोगाव फिरून भरती केली. त्यांची दोन मुले, लुईस आणि चार्ल्स, आघाडीच्या काळ्या पलटणीत दाखल झाली. पण गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर मिळत आणि काळ्याला कपड्यांचे कापून सात. ऑगस्ट १८६३ मध्ये डग्लस हे गाऱ्हाणे घेऊन थेट राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्याकडे गेले. लिंकन यांनी लगेच सारे मान्य केले नाही. परंतु बरोबरीच्या माणसाशी बोलावे तसे ते बोलले, हे डग्लस विसरले नाहीत. पगाराची बरोबरी १८६४ मध्ये झाली. मार्च १८६५ मध्ये लिंकन यांच्या दुसऱ्या शपथविधीनंतरच्या समारंभाला डग्लस गेले, तेव्हा व्हाइट हाउसच्या दारात पोलिसांनी त्यांना अडवले. आतून निरोप आल्यावर सोडले. लिंकन यांनी सर्वांसमक्ष त्यांना मित्र म्हणून हाक मारली आणि आपले भाषण कसे वाटले ते विचारले. पुढच्याच महिन्यात लिंकन यांची हत्या झाली.

१८६५, १८६८ आणि १८७० सालच्या तीन घटनादुरुस्त्यांनी गुलामगिरी संपवली, नागरिकत्व दिले आणि काळ्या पुरुषांना मताचा हक्क दिला. या मुक्तीचे पडसाद दूरवर उमटले. आपल्याकडे महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले, ते अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण करून. पुण्यात बसून त्यांना तो लढा आपला वाटला.

प्रत्यक्ष अमेरिकेत मात्र चित्र पालटू लागले होते. १८७७ मध्ये दक्षिणेतून केंद्राचे सैन्य मागे घेतले गेले आणि काळ्यांचे मताधिकार एकेक करून हिरावले जाऊ लागले. त्याच वर्षी डग्लस यांना राजधानी वॉशिंग्टनमध्ये मार्शल हे सरकारी पद मिळाले आणि त्याच वर्षी ते एका विलक्षण भेटीला गेले. जुना मालक थॉमस ऑल्ड अंथरुणाला खिळला होता; त्याने बोलावणे धाडले होते. ज्याच्याविरुद्ध आयुष्यभर बोललो, लिहिले, त्याच्या बिछान्याजवळ डग्लस बसले. दोघांच्याही डोळ्यांत पाणी आले. या भेटीतही डग्लस यांनी आपला जन्म नेमका कधी झाला, याची चौकशी केली. साठीला आलेल्या माणसाला स्वतःचे वय माहीत नव्हते आणि ते विचारायला मालकाखेरीज दुसरे कोणी उरले नव्हते.

दुसरे लग्न

ॲनाबाई ऑगस्ट १८८२ मध्ये वारल्या. चव्वेचाळीस वर्षांचा संसार, पाच मुले. त्यांतील धाकटी ॲनी दहा वर्षांची असतानाच, बाप परदेशी असताना, गेली. ॲनाबाईंना शेवटपर्यंत लिहिता-वाचता नीटसे आले नाही. नवरा जगभर नाव मिळवत असताना त्यांनी जोडे शिवून, पै-पैशाचा हिशेब ठेवून घर चालवले. नवऱ्याच्या तिन्ही आत्मचरित्रांत त्यांना जागा मिळाली ती फार थोडी. डग्लस यांचे चरित्र वाचताना ही उणीव मनाला लागते. रोझेटाने पुढे आईवर लिहून ती काही अंशी भरून काढली.

आणि २४ जानेवारी १८८४ रोजी डग्लस यांनी हेलन पिट्स या गोऱ्या स्त्रीशी लग्न केले. डग्लस सहासष्टीला टेकलेले, हेलन पंचेचाळीस वर्षांच्या. माउंट होल्योक येथे शिकलेल्या, युद्धकाळात मुक्त झालेल्या गुलामांना शिकवलेल्या आणि डग्लस यांच्याच कचेरीत कारकून असलेल्या. लग्न लावणारे धर्मगुरू फ्रान्सिस ग्रिम्के हे स्वतः मळेवाला बाप आणि गुलाम आई यांचे पुत्र होते.

देशभर गहजब झाला. गोऱ्या वृत्तपत्रांनी आगपाखड केली, ते अपेक्षितच होते. काळ्या समाजातही अनेकांना वाटले, की आपल्या नेत्याने आपल्या स्त्रियांचा अव्हेर केला. डग्लस यांच्या मुलांना हे लग्न रुचले नाही. आईचा तो अपमान वाटला. पण सर्वांत बोलका विरोध हेलनच्या वडिलांचा. गिडियन पिट्स हे गुलामगिरीचे कडवे विरोधक, डग्लस यांचे जुने परिचित. त्यांनी जावयाला घरात पाऊल ठेवू दिले नाही. व्यासपीठावर समता मान्य असणे वेगळे आणि माजघरात मान्य असणे वेगळे, हे त्या सज्जन गृहस्थांनी न बोलता दाखवून दिले. एलिझाबेथ केडी स्टँटन यांच्यासारख्या मोजक्या जुन्या सहकाऱ्यांनी मात्र अभिनंदन केले.

वॉशिंग्टनमध्ये हे लग्न कायदेशीर होते. पोटोमॅक नदी ओलांडून पलीकडच्या व्हर्जिनियात गेले, की ते बेकायदा ठरे. डग्लस यांनी टीकेला उत्तर दिले ते शांतपणे आणि किंचित मिस्कीलपणे. पहिली बायको आईच्या रंगाची होती, दुसरी वडिलांच्या रंगाची आहे. मग तक्रार कशाची? या उत्तरात वरवर विनोद आहे, पण आत मोठी खोच आहे. गोऱ्या मालकांनी काळ्या स्त्रियांना दोनशे वर्षे नासवले, लाखो मिश्रवंशीय मुले जन्माला घातली, तेव्हा वंशशुद्धी धोक्यात आली नाही. एका काळ्या पुरुषाने एका गोऱ्या स्त्रीचा हात दोघांच्या राजीखुशीने, धर्मगुरूंसमोर धरला, तेव्हा ती धोक्यात आली! विरोध रक्त मिसळण्याला नव्हताच. विरोध बरोबरीला होता.

आपण ना पुरते काळे ना पुरते गोरे, तेव्हा एक वेगळा, वरचा वर्ग करून राहावे, असा मार्ग काही मिश्रवंशीयांनी त्या काळी पत्करला होता. काही फिकट रंगाचे लोक तर गाव बदलून गोरे म्हणूनच जगत. डग्लस यांनी हे कधी केले नाही. ज्यांच्याबरोबर मार खाल्ला ते आपले, ही त्यांची गाठ पक्की होती. त्याचबरोबर काळेपणाचा वेगळा अभिमान मिरवावा, हेही त्यांना पटत नसे. माणूस ही एकच जात त्यांना मान्य होती. दोन्ही रंग आपल्या अंगात घेऊन जन्मलेल्या माणसाला त्यांच्यामधली भिंत खोटी वाटावी, यात नवल कसले?

अखेरची वर्षे आणि त्यानंतर

१८८६-८७ मध्ये नवरा-बायकोने युरोप आणि इजिप्तचा प्रवास केला. ज्या देशाच्या राजाच्या चित्रात आई दिसली होती, तो देश त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर पिरॅमिडही चढले. १८८९ ते १८९१ ते हैतीमध्ये अमेरिकेचे प्रतिनिधी होते. १८९३ मध्ये शिकागोला जागतिक प्रदर्शन भरले, तेव्हा काळ्या अमेरिकनांना त्यात मानाचे स्थान मिळाले नाही. डग्लस तिथे उभे राहिले ते हैतीच्या दालनाचे प्रमुख म्हणून. दक्षिणेत तेव्हा जमाव काळ्यांना झाडाला टांगून मारत होते. आयडा वेल्स या तरुण पत्रकार स्त्रीने याविरुद्ध लेखणी उचलली होती. म्हातारे डग्लस तिच्या पाठीशी उभे राहिले आणि १८९४ मध्ये याच विषयावर त्यांनी अखेरचे मोठे भाषण केले.

२० फेब्रुवारी १८९५ रोजी ते स्त्रियांच्या एका परिषदेला जाऊन घरी परतले. संध्याकाळी बायकोला तिथला वृत्तान्त सांगता सांगताच ते कोसळले आणि गेले. पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आगगाडीतील वेगळे डबे घटनेला धरूनच आहेत, असा निकाल दिला. त्या खटल्यातील फिर्यादी होमर प्लेसी यांच्या आठ पणजोबा-पणज्यांपैकी एकच काळा होता. तरी त्यांना गोऱ्यांच्या डब्यातून उतरवले गेले. १८९० च्या जनगणनेने तर एक चतुर्थांश काळा, एक अष्टमांश काळा अशी अपूर्णांकांची मोजणी केली होती. पुढे अनेक राज्यांनी तीही सोडली आणि काळ्या रक्ताचा एक थेंब असला तरी माणूस काळाच, असा कायदा केला. वेगवेगळ्या वंशांतील विवाहावरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने मोडली ती १९६७ मध्ये. त्या वेळीही सोळा राज्यांत असे कायदे शिल्लक होते आणि तो खटला व्हर्जिनियातलाच होता. अमेरिकन जनगणनेच्या अर्जावर एकापेक्षा अधिक वंशांवर खूण करण्याची मुभा मिळायला २००० साल उजाडावे लागले. २०२० च्या मोजणीत सुमारे ३ कोटी ३८ लाख लोकांनी, म्हणजे दहातील एकाने, तशी खूण केली. काळे वडील आणि गोरी आई यांचे पुत्र बराक ओबामा २००८ मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले; त्यांनी २०१० च्या अर्जावर मात्र ‘काळा’ या एकाच रकान्यात खूण केली. आणि आजही तिथल्या सर्वसाधारण गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता सर्वसाधारण काळ्या कुटुंबाच्या सुमारे सहापट आहे. अर्जावरचे रकाने वाढले, तिजोरीतली तफावत तशी हलली नाही.

डग्लस यांचे वॉशिंग्टनमधले सीडर हिल हे टेकडीवरचे घर आजही उभे आहे. ते कसे वाचले, हेही सांगायला हवे. मृत्युपत्रावर साक्षीदार कमी पडल्याने घर हेलनच्या नावावर होऊ शकले नाही आणि मुलांना ते विकायचे होते. हेलन यांनी कर्ज काढून मुलांचे वाटे विकत घेतले आणि ते फेडण्यासाठी वय झालेले असतानाही गावोगाव व्याख्याने दिली. १९०३ मध्ये त्या वारल्या तेव्हा कर्ज पुरते फिटलेले नव्हते. मागाहून काळ्या स्त्रियांच्या संघटनेने पैसे जमवून ते फेडले आणि घर सोडवले. आता ते राष्ट्रीय स्मारक आहे. एका गोऱ्या विधवेने सुरू केलेले काम काळ्या स्त्रियांनी पुरे केले. ज्या लग्नावरून दोन्ही समाज रुसले होते, त्या लग्नाची ही एवढी जमेची बाजू पुढच्या पिढ्यांच्या हाती आली आहे.